आईला उठवायला तीन शहरं

"आई, वर्षभरात तुला खुर्चीतून उठायला कोणाचीही गरज लागणार नाही! तीन शहरं मिळून तुला उठवणार आहेत. तीन!"

ही घोषणा जोडणीसाहेबांनी सकाळी सकाळी केली, तेव्हा त्यांचा एक गाल साबणाने माखलेला होता आणि दुसरा गुळगुळीत झाला होता. आई वेताच्या खुर्चीत बसून बराच वेळ त्यांची वाट बघत होती.

"तीन शहरं यायची तेव्हा येतील," ती म्हणाली. "तोवर तू तरी ये. मला तोंड धुवायचंय."

जोडणीसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते 'विभागीय नवोपक्रम सहकार्य केंद्रा'चे समन्वयक होते. हे एवढं लांब नाव उच्चारण्यापेक्षा 'जोडणीसाहेब' म्हणणं लोकांना सोपं जायचं. केंद्र म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एकीत कारकूनबाई आणि कपाट, दुसरीत साहेब आणि भिंतभर नकाशा. नकाशावरची तीन शहरं साहेबांनी लाल दोऱ्याने एकमेकांना बांधून टाकली होती. एका शहरात विजेच्या मोटरींचे कारखाने, दुसऱ्यात फर्निचरचे, तिसऱ्यात इंजिनिअरिंग कॉलेज. धोरण असं, की या तिघांनी एकत्र यावं, एकाचं डोकं, दुसऱ्याचे हात आणि तिसऱ्याचं यंत्र लागावं आणि एकट्यादुकट्याला जमणार नाही अशी नवी वस्तू जन्माला यावी. धोरणात खोट काढायला जागा नव्हती. पण केंद्र उघडल्यापासून जन्माला काय आलं? बैठका! एका बैठकीच्या पोटी दुसरी बैठक, दुसरीच्या पोटी उपसमिती, आणि उपसमितीच्या पोटी पुन्हा बैठक. शेवटी मुख्यालयाचा संयम संपला. 'यंदा एक तरी वस्तू दाखवा, नाहीतर केंद्राला कुलूप लावा,' असा सरळ निरोप आला.

नेमकं त्याच सुमारास आईच्या गुडघ्यांनी राम म्हटला होता. बसलेली उठेना. आणि साहेबांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला: उचलखुर्ची! बटण दाबलं की हळूहळू वर येणारी आणि माणसाला अलगद उभं करणारी! लाकूड एका शहराचं, मोटर दुसऱ्याची, अक्कल तिसऱ्याची. मातृभक्तीही झाली आणि केंद्रही वाचलं. एका दगडात दोन पक्षी!

आता, तोवर आईला कसं उठवायचं ते सांगायला हवं. समोर उभं राहायचं, तिचे दोन्ही हात मनगटाशी धरायचे, ती "एक, दोन, हूं!" म्हणायची आणि 'हूं'ला ओढायचं. तीन का नाही? तर तिचं म्हणणं, तीनपर्यंत थांबलं की माणूस विचार करायला लागतो! उभी राहिली की तिचं डोकं गरगरायचं, आणि ते थांबेपर्यंत ती हात सोडायची नाही. तेवढ्यात ती बोलून घ्यायची. समोरच्या गच्चीवरची कबुतरं, पहाटेचं अर्धवट स्वप्न, साहेबांच्या वडिलांची एखादी जुनी खोडी, साहेबांच्या शर्टाची विरलेली कॉलर, सगळं. साहेब 'हं, हं' करत घड्याळाकडे बघत. मायलेकांचं दिवसभरात बोलणं व्हायचं ते एवढंच. आणि खरं सांगायचं तर बाकीचा सगळा दिवस ती त्या चार वाक्यांची तयारी करत बसलेली असायची. साहेबांना याचा पत्ता नव्हता. त्यांना वाटायचं, हिला फक्त उठायचं असतं.

"अहो," बायको म्हणाली, "कोपऱ्यावरच्या दुकानात उंच बैठकीची खुर्ची मिळते. हातांना टेकू असलेली. संध्याकाळी घेऊन येऊ का?"

"अगं, ती नुसती खुर्ची झाली! तिच्यात सहकार्य कुठे आहे?"

"आईंना उठायचंय. सहकार्यावर बसायचं नाहीये."

पण साहेबांनी तोवर पायात बूट चढवले होते. आई आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, कानाला यंत्र लावून लोकांचे फोन जोडून द्यायची. ती मागून म्हणाली, "मीसुद्धा अख्खी शहरं जोडली रे. तार या भोकातून काढायची, त्या भोकात घालायची, की लोक बोलायला लागायचे. बैठक नाही लागली कधी." साहेब हसले आणि गेले. आईला पुढेही काही सांगायचं होतं.

तीन भागीदारांची पहिली बैठक कुठे घ्यायची यावरून आधी भांडण झालं, कारण दुसऱ्याच्या शहरात जाणं म्हणजे प्रत्येकाला कमीपणा. अखेर तिन्ही शहरांच्या मधोमध, हमरस्त्यावरच्या पेट्रोलपंपाशेजारच्या हॉटेलात सगळे जमले. मोटरींच्या कारखान्याचे मालक होते. त्यांना सगळे मोटरशेठ म्हणत. दांडगा माणूस, बोलला की टेबलावरचे कप थरथरत. फर्निचर संघाचे अध्यक्ष किरकोळ अंगाचे, पण मानापमान अंगापेक्षा मोठा. आणि कॉलेजच्या प्राध्यापिका, ज्यांना सगळे मॅडम म्हणत आणि ज्यांचं म्हणणं कोणी पुरतं ऐकून घेत नसे.

"करारात आमच्या संघाचं नाव आधी," अध्यक्ष म्हणाले. "खुर्ची म्हणजे मुळात फर्निचर!"

"फर्निचर?" मोटरशेठ गरजले. "मोटर काढली तर राहतो काय? स्टूल!"

"माझ्या स्टुलाला नावं ठेवायची नाहीत!"

दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं ते तिथेच, पहिल्या चहाच्या आधी. आणि इथे साहेबांना आयुष्यातली सर्वांत मोठी कल्पना सुचली. माणसाला अशी कल्पना सुचते तेव्हा कोणीतरी त्याला गार पाणी द्यायला हवं, पण हॉटेलात त्या दिवशी नेमकं पाणी नव्हतं.

"मंडळी!" साहेब उभे राहिले. "प्रत्येकाने आपापलं काम करून आणायचं आणि स्क्रूने जोडायचं, हे सहकार्य नव्हे. ही जुळवाजुळव! खरं जाळं तेव्हा विणलं जातं, जेव्हा ज्ञान एका शहरातून दुसऱ्या शहरात वाहतं. म्हणून आपला नियम असा: ज्याला जे येतं, ते त्याने करायचं नाही! ते त्याने दुसऱ्याला शिकवायचं, आणि दुसऱ्याने करायचं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षांना वाटलं, मोटरशेठची खोड मोडली. मोटरशेठना वाटलं, अध्यक्षांची जिरली. मॅडमनी हात वर केला.

"म्हणजे मोटर कोण करणार?"

"सुतार!"

"आणि नकाशा, मापं?"

"मोटरशेठचे कारागीर!"

"म्हणजे लाकूडकाम माझे विद्यार्थी? साहेब, त्यांनी आजवर लाकडाला हात लावलाय तो फक्त बाकावर नावं कोरायला."

"अनुभव आहे तर!" साहेब म्हणाले. "उत्तम!"

झालं! साहेबांची भ्रमंती सुरू झाली. सोमवारी या शहरात शिकवणी, मंगळवारी त्या शहरात देखरेख. कोणी कोणाचं नीट ऐकत नसे, म्हणून प्रत्येक शिकवणीला साहेब स्वतः मध्ये बसत. सुतारांना वेत विणायची सवय. त्यांनी तांब्याची तारही तशीच, उभी-आडवी, ताणून विणली. दिसायला मोटर इतकी देखणी झाली की तिच्यावरच बसावंसं वाटे! मोटरशेठच्या माणसांनी काढलेल्या नकाशात मोटर होती कागदभर, आणि खुर्ची होती कोपऱ्यात, पाकिटावरच्या पत्त्यासारखी बारीक. विद्यार्थ्यांच्या चार तुकड्यांनी चार पाय केले. चारही सुंदर होते आणि चारही वेगवेगळ्या उंचीचे होते.

आणि घरी? आईला उठवण्यासाठी साहेब इतके राबत होते की आईला उठवायला ते घरी नसत. बायको रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला. सकाळी एकदा उठवून जायची ती संध्याकाळीच यायची. मधला सगळा दिवस आई एकटी. पण बाई एक्स्चेंजमधली! तिने काय केलं, दार उघडं ठेवायला लावलं आणि जिन्यावर पाऊल वाजलं की हाक मारायला सुरुवात केली.

"कोण आहे रे? जरा आत ये. हात दे."

पहिला सापडला इस्त्रीवाला. मग कुरिअरवाला. मग वरच्या मजल्यावर शिकवण्या घेणाऱ्या बाई. मग पाण्याचं मीटर बघायला आलेला माणूस, जो एकदा येऊन गेल्यावर मीटर बघायचं नसतानाही यायला लागला. प्रत्येकाला तिने पद्धत शिकवली. "दोनला नाही ओढायचं, हूंला! धांदरट कुठला!" प्रत्येकाचे हात धरून, डोकं स्थिर होईपर्यंत, ती बोलायची. मग समोरचाही बोलायचा. इस्त्रीवाल्याच्या जावयाचं बिनसलेलं तिला पाठ झालं. शिकवणीच्या बाई उत्तरपत्रिका तिच्याच खोलीत बसून तपासू लागल्या, आणि आई चुकीची उत्तरं मोठ्याने वाचून हसायची. हळूहळू मंडळींनी आपापसांत वेळा वाटून घेतल्या. सकाळी कुरिअर, दुपारी इस्त्री, चारला शिकवणी. करार नाही, नकाशा नाही, लाल दोरा नाही! आजारपणात माणसाच्या चेहऱ्यावर येऊ नये असं तेज आईच्या चेहऱ्यावर आलं.

एकदा साहेब दुपारी अचानक घरी आले तर खोलीत ही गर्दी. मीटरवाला चहा करत होता.

"आई, हे काय? तू कोणालाही घरात घेतेस?"

"कोणालाही कशाला घेईन? जो येईल त्यालाच घेते."

"अगं, पण बरं दिसतं का? मुलगा सहकार्याचा समन्वयक आणि आईला उठवायला मीटरवाला!"

"मुलगा कुठाय?" आई म्हणाली. चेष्टेतच म्हणाली, पण खोलीत कोणी हसलं नाही. मीटरवाल्याने चहात उगाच आणखी साखर घातली.

"तुझ्यासाठीच चाललंय ना सगळं!" साहेब म्हणाले आणि पिशवी उचलून बैठकीला गेले. हे मात्र खोटं नव्हतं. त्या माणसाचं आईवर प्रेम होतं. फक्त ते तीन शहरांना वळसा घालून यायचं, आणि वाटेत त्याला उशीर व्हायचा.

अखेर चाचणीचा दिवस आला. केंद्राच्या खोलीत खुर्ची मांडली, आखूड पायांखाली जुने अहवाल सरकवले. "आधी मी बसणार," अध्यक्ष म्हणाले, "खुर्ची मुळात फर्निचर." मोटरशेठ समोर हाताची घडी घालून उभे. साहेबांनी बटण दाबलं.

काहीच झालं नाही. मग कुठूनतरी जळका वास आला. मग खुर्चीने अध्यक्षांना आधी मागे ओढलं, जरा विचार केला, आणि असं काही भिरकावलं की ते थेट मोटरशेठच्या छातीवर जाऊन आदळले! मोटरशेठनी घाबरून त्यांना दोन्ही हातांनी कवटाळलं, दोघे मिळून भिंतीवर गेले, भिंतीवरचा नकाशा खाली आला आणि लाल दोरा दोघांना गुंडाळून बसला.

"सोडा मला!"

"मी कुठे धरलंय? तुम्हीच लटकलाय!"

पहिल्या चहापासून न बोललेले हे दोन भागीदार; जवळ आले ते हे असे! कारकूनबाईंना सांगून ठेवलं होतं की खुर्ची चालली की फोटो काढा. बाई आज्ञाधारक होत्या. खुर्ची चालली असं त्यांना वाटलं, त्यांनी फोटो काढला, आणि नेहमीप्रमाणे तो त्याच दिवशी मुख्यालयात पाठवूनही दिला!

साहेबांनी राजीनामा लिहायला घेतला. तोवर मुख्यालयाचा फोन आला. "साहेब, अभिनंदन! भागीदारांमधला इतका जिव्हाळा आम्ही दुसऱ्या कुठल्याच केंद्रात पाहिला नाही. आता समिती स्वतः येणार, खुर्ची लाभार्थींच्या घरी चालताना बघायला. लाभार्थी कोण आहेत?"

"माझी आई," साहेब म्हणून गेले. त्या राक्षसी खुर्चीत आईला बसवायचं?

पण झालं भलतंच. त्या आठवड्यात तिन्ही भागीदारांचे फोन आले, एकेकटे, दबक्या आवाजात. "साहेब, कोणाला बोलू नका. आजीबाईंचा प्रश्न आहे म्हणून मोटर मीच गुपचूप बांधतोय. नियम मोडला, माफ करा." हे मोटरशेठ. "साहेब, गोष्ट आपल्यातच ठेवा. लाकूड मी बदललंय." हे अध्यक्ष. "साहेब, मापं मी नव्याने काढली आहेत, मोटरशेठना वाईट वाटायला नको," हे मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचं म्हणणं त्या दिवशी कोणीतरी पहिल्यांदा पुरतं ऐकून घेतलं. साहेबांनी तिघांनाही गुप्ततेची शपथ दिली. म्हणजे ज्याला जे येतं ते त्याने केलं, आणि कोणी कोणाला सांगितलं नाही. खुर्ची तयार झाली ती लोण्यासारखी! आवाज नाही, धक्का नाही, आणि माणूस उठून गेला की आपोआप खाली! साहेबांनी स्वतः दिवसभर तीत उठून-बसून पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

खुर्ची घरी आली तेव्हा आईची सगळी मंडळी बघायला जमली. वेताची खुर्ची अडगळीत गेली. आई नव्या खुर्चीत बसली, साहेबांनी तिचं बोट धरून बटणावर ठेवलं, आणि ती वर आली. आपली आपण, सरळ, उभी! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शिकवणीच्या बाईंनी तर डोळे पुसले.

आईचं डोकं गरगरलं. तिने चाचपडत हात पुढे केला.

"तिकडे नाही, आई! इकडे. धरायला खास दांडा केलाय!"

आईने दांडा धरला. दांडा मजबूत होता, हाताला उबदार वाटावा म्हणून त्याला कापडही लावलेलं होतं. पण दांड्याशी काय बोलणार?

"म्हणजे आता आमची सुट्टी, आजी!" इस्त्रीवाला हसत म्हणाला. आई पण हसली.

गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात, पण इथे कोणी कृतघ्न नव्हतं, हीच तर वाईट गोष्ट. सगळी भली माणसं होती आणि सगळ्यांना आपापली कामं होती. कुरिअरवाला जिन्यातून ओरडायचा, "आजी, बऱ्या आहात ना?" आणि उत्तर येईपर्यंत खालच्या मजल्यावर पोचलेला असायचा. शिकवणीच्या बाईंची परीक्षांची गडबड सुरू झाली. मीटरवाला आता मीटरपुरताच यायचा. दार बंद ठेवायला हरकत नव्हती, म्हणून दार बंद झालं. आणि साहेब सकाळी दाढी करता करता आतूनच हाक मारत, "आई, बटण दाब हं!" बूट घालून निघूनही जात. वेळ किती वाचू लागला!

आई दिवसातून कितीतरी वेळा उठायची. उठायची, दांडा धरून उभी राहायची, खिडकीकडे बघायची, बसायची. काही काम नसायचं. सुरुवातीला ती कबुतरांबद्दल काही लक्षात ठेवायची. मग तिने ते सोडून दिलं.

"आई हल्ली बोलत नाहीत," बायको एकदा म्हणाली.

"तब्येत सुधारली की माणूस शांत होतो," साहेब म्हणाले. शिकलेल्या माणसाकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं.

समिती आली ती थाटात. समितीप्रमुख बाई, त्यांचे दोन मदतनीस, कॅमेरावाला. तिन्ही भागीदार आले. मोटरशेठ आणि अध्यक्ष दारातून आधी कोण आत जाणार यावरून अडकले होते, पण फोटोची आठवण ठेवून हसत होते. बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. कितीतरी दिवसांनी घर इतकं भरलं होतं, आणि आई सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होती, लग्नघरात बघावं तशी.

साहेबांनी भाषण केलं. जाळं, ज्ञानाचा प्रवाह, तीन शहरांचा एक हात, सगळं आलं. मग समितीप्रमुख बाई वाकून म्हणाल्या, "आजी, आता उठून दाखवता ना?"

आईने समोर पाहिलं. बरोबर समोर तिचा मुलगा उभा होता. इस्त्रीचा शर्ट, नीट झालेली दाढी, घड्याळाकडे लक्ष नाही, जायची घाई नाही. इतका जवळ आणि इतका स्थिर तो तिच्यासमोर उभा राहिल्याला महिने झाले होते. सवय म्हणा, की आणखी काही म्हणा. तिने दोन्ही हात उचलले आणि त्याच्यापुढे केले.

"एक," आई म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "दोन..."

कॅमेरा चालू होता. सगळं केंद्र, तीन शहरं, कारकूनबाईंची नोकरी, सगळं त्या दोन हातांवर येऊन थांबलं. साहेब एक पाऊल पुढे टाकते तर? पण मग खुर्ची कशाला होती?

"आई!" ते दात न उघडता पुटपुटले. "बटण! बटण दाब!"

आईचे हात जरा वेळ तसेच राहिले. त्यांना खाली कसं यायचं हे जणू सुचेना. मग तिने ते मांडीवर घेतले, पदराला पुसले, आणि बटण दाबलं.

खुर्ची वर आली. आई उभी राहिली. तिने दांडा धरला. काय टाळ्या पडल्या! मोटरशेठनी अध्यक्षांना खरोखरची मिठी मारली. मॅडम मात्र टाळ्या वाजवता वाजवता थांबल्या आणि आईकडे बघत राहिल्या. त्या काहीतरी म्हणाल्याही, पण आवाजात कोणाला ऐकू गेलं नाही.

"एवढी नोंद घ्या," समितीप्रमुख बाईंनी मदतनिसाला सांगितलं. "लाभार्थींना सुरुवातीला आधार मागायची सवय दिसते."

"हो, जुनी सवय," आई समजुतीने म्हणाली. "जाईल आता."

केंद्राला मुदतवाढ मिळाली, तीही तिथल्या तिथे! साहेबांकडे आणखी दोन विभागांची जाळी सोपवायची असंही ठरलं. म्हणजे आणखी शहरं, आणखी प्रवास. पाहुणे गेले. जिन्यावरचे आवाज खाली खाली गेले आणि थांबले. साहेब बिस्किटांच्या रिकाम्या बश्या घेऊन स्वयंपाकघराकडे निघाले होते, ते मध्येच थबकले. कानात ते "दोन..." राहून गेलं होतं. पुढचं आलंच नव्हतं. त्यांना एकदम उमगलं की आपण काय केलं. बश्या टेबलावर टाकून ते आईसमोर जाऊन उभे राहिले. दोन्ही हात पुढे केले.

"आई, चल. उठ."

"कुठे जायचंय?"

"कुठे नाही. असंच. मी धरतो ना. एक, दोन..."

"कशाला रे? बटण आहे की."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. टोमणा मारला असता तर आणखी बरं. पण तिने ते अगदी सरळ सांगितलं, मुलाच्या कामात अडथळा नको म्हणून सांगावं तसं. खुर्चीने तिला उभं केलं. दांडा धरून, डोकं स्थिर होईपर्यंत, ती खिडकीबाहेर बघत उभी राहिली. एक शब्द बोलली नाही. साहेब हात पुढे धरून वाट बघत होते. कबुतरं, स्वप्न, बाबांची खोडी, कॉलर, काहीही चाललं असतं. मग ती दांडा सोडून त्यांच्या बाजूने, त्यांना धक्का लागू न देता, सावकाश आत निघून गेली.

साहेब तसेच उभे. हात तसेच पुढे. तेवढ्यात गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन बायको आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, त्या हातांकडे पाहिलं, आणि कपड्यांची अख्खी चळत त्या हातांवर ठेवून दिली.

"बरे रिकामे सापडलात! एवढ्या घड्या करून ठेवा. आणि जरा बाजूला सरका, खुर्ची खाली येतेय."

खुर्ची खाली आली. लोण्यासारखी आली. तिच्यात आजवर एकसुद्धा दोष निघालेला नाही.